श्रद्धेचा धीर आणि विधवा निधीच्या पावत्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला धैर्यावरचा लेख वाचला. लेख नेटका आहे. सैनिक, गिर्यारोहक, आगीत उडी घेणारे जवान यांच्याविषयी त्यात जे लिहिलंय त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. खटकलं ते एक वाक्य. लेखकमहाशय म्हणतात, श्रद्धाळू माणसाच्या धैर्याचं फार कौतुक करू नये, कारण ‘देव सांभाळून घेईल’ असा विमा त्यानं आधीच उतरवलेला असतो.

मी आयुष्यभर हिशेब लिहिण्याची नोकरी केली. विम्याच्या कागदात काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. नुकसान झालं तर भरपाई किती, कधी आणि कोणाला, हे तिथं कलमवार लिहिलेलं असतं. मी जन्मानं आणि नंतर समजून-उमजून ख्रिस्ती आहे, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, रोज वाचते, आणि असं कलम मला त्यात अजून सापडलेलं नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. कात्री लावायची तर लावा, पण दानीएलाचा भाग तेवढा राहू द्या.

दानीएलाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो या तिघांची गोष्ट आहे. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं साठ हात उंचीची सोन्याची मूर्ती उभारली आणि हुकूम काढला, की वाद्यं वाजली की सगळ्यांनी तिच्यापुढं पालथं पडायचं. जो पडणार नाही तो भट्टीत. हे तिघे पडले नाहीत. आमच्याकडे रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगतात तेव्हा सगळा भर शेवटावर असतो. भट्टी सातपट तापवली, तरी त्यांच्या कपड्यांना आगीचा वाससुद्धा लागला नाही, आणि आत त्यांच्याबरोबर चौथा कोणीतरी फिरताना दिसला. पोरं खूश होतात. पण राजाला त्यांनी जे उत्तर दिलं ते या सगळ्याच्या आधीचं आहे. ते म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि समजा त्यानं नाही सोडवलं, तरी महाराज, आम्ही नमणार नाही. हे बोलताना पुढं काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला ते माहीत असतं, कारण आपण पुढच्या ओळी वाचलेल्या असतात.

‘नाही सोडवलं तरी’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात कसला विमा?

आता स्वतःचं सांगते, नाहीतर वाटेल बाई प्रवचन द्यायला बसल्या. निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळीच्या, म्हणजे जिथं मी उपासनेला जाते त्या समुदायाच्या, एका लहानशा न्यासाचे हिशेब माझ्याकडे आले. त्यात निराधार विधवांसाठी एक निधी होता. काम साधं. ठरलेल्या स्त्रियांना दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, पावतीवर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि पावती फाइलला लावायची. कागद ताब्यात घेतले आणि जुन्या सवयीनं मागची वर्षं चाळायला बसले.

एका फाइलीत पाठोपाठ लावलेल्या पावत्यांवर अंगठे होते. नावं वेगवेगळी, पण ठसा बघितल्यासारखा वाटू लागला. अंगठ्याच्या मधल्या रेषांना तिरका छेद देणारा एक पांढरा पट्टा होता, जुन्या जखमेचा व्रण असावा तसा, खालून डावीकडून वर उजवीकडे गेलेला. पुढच्या पावतीवर तोच पट्टा. त्याच्या पुढच्या पावतीवरही तोच. शाईसुद्धा सगळीकडे तशीच फिकट जांभळी, गादी वाळत आलेली असताना एका बैठकीत उठवलेली. भिंगाची गरज नव्हती, तरी मी भिंग आणून पाहिलं, कारण डोळ्यांवर विश्वास ठेवायची इच्छा नव्हती. त्यातल्या एका पावतीवर ज्यांचं नाव होतं त्या बाईंना मी ओळखत होते. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. त्या अंगठा कशाला उठवतील?

पैसे कोणी आपल्या घरी नेले असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. बरेचसे इमारतीच्या डागडुजीत आणि एका मोठ्या समारंभात मुरले होते, असं पुढं निघालं. पण ज्यांच्या नावावर उचलले त्यांच्या हातात पडले नव्हते, एवढं खरं.

लेखकमहाशयांना यात धैर्याचा काही विषय दिसणार नाही. ना आग, ना कडा, ना बंदूक. फाइल उचलायची आणि बोलायचं, एवढंच तर होतं. पण बोलायचं कोणासमोर? ज्यांनी माझ्या नवऱ्याची शवपेटी खांद्यावरून नेली, माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या चपला सांभाळण्यापासून सगळं केलं, ज्यांच्या शेजारी बसून मी वर्षानुवर्षं गीतं गायली, त्यांच्यासमोर. परक्या माणसाला दुखावणं सोपं असतं, त्याच्याशी उद्या गाठ पडणार नसते. मला रात्री मधेच जाग यायची, पोटात गोळा यायचा, आणि सकाळी फाइल कपाटात ठेवून कुलूप लावायचे. त्या दिवसांत मी प्रार्थना करत होते का? करत होते. शांती वगैरे काही उतरली नाही. प्रार्थना केली की मन कसं पिसासारखं हलकं होतं, असं सांगणारे लोक मला भेटतात. असेल त्यांचं तसं. माझं होत नाही.

मला धीर आला तो वाचण्यातून, आणि तोही घाबरलेल्या माणसांबद्दल वाचून. स्तोत्रसंहितेतलं पंचावन्नावं स्तोत्र काढून बघावं. तिथं बोलणारा म्हणतो की शत्रूनं निंदा केली असती तर मी सोसली असती, पण तो तू होतास, माझ्या बरोबरीचा, माझा सोबती. आपण दोघं मिळून देवाच्या घरी जात असू. मला हे स्तोत्र पूर्वीपासून माहीत होतं. ते आपल्याच मंडळीच्या बाकावर बसून वाचायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. त्याला पंख हवे होते, उडून कुठंतरी रानात जाऊन राहायचं होतं. म्हणजे पळून जावंसं वाटण्यालाही पवित्र शास्त्रात जागा आहे. देवाला हे सांगता येतं आणि तो त्यावर रागावत नाही, ही माझ्यासाठी मोठी बातमी होती.

एलीया संदेष्ट्याचं तर आणखीच. कर्मेल डोंगरावर एकट्यानं बआल या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांना आव्हान देणारा हा माणूस, ईजबेल राणीचा एक निरोप आला आणि जीव घेऊन पळत सुटला. रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. दूतानं उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, तो जेवला आणि परत झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर. ‘विश्वास कमी पडतोय तुमचा’ असं घाबरलेल्या माणसाला सुनावणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हा अध्याय पाठ करावा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट गेथशेमाने बागेतली. आम्ही ज्याला प्रभू म्हणतो तो येशू क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री तिथं घाबरलेला होता. हे मी म्हणत नाही, चारपैकी तीन शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची पुस्तकं, त्या रात्रीच्या त्याच्या व्याकुळतेबद्दल लिहितात. लूक तर म्हणतो, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. हा प्याला, म्हणजे पुढ्यात आलेलं दुःख, माझ्यापासून टळो, अशी त्यानं विनंती केली. मित्रांना म्हणाला, जरा जागे राहा माझ्याबरोबर. ते झोपले. प्याला टळला नाही. ज्या धर्माच्या मध्यभागी ही रात्र आहे त्या धर्माच्या लोकांना विमाधारक म्हणायचं? भीती वाटणं हा पराभव असेल तर त्या बागेत तो आमच्या प्रभूचाच झाला, असं मानावं लागेल. आम्ही तसं मानत नाही. बागेतून उठून तो स्वतः होऊन धरायला आलेल्यांच्या समोर गेला. घाबरलेला माणूसही पुढं जाऊ शकतो, हे मला त्या रात्रीनं शिकवलं. तोवर मी भीती जाण्याची वाट बघत बसले होते, ती गेली की मग बोलू म्हणून.

ती गेली नाही. मी तशीच न्यासाच्या अध्यक्षांकडे गेले.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात अशा वेळी काय करायचं त्याची रीत घालून दिलेली आहे. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तेही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. कार्यालयीन पद्धत म्हणून पाहिलं तरी ही उत्तम आहे, मी कुठल्याच नोकरीत इतकी सरळ पद्धत पाहिली नाही. मी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. अध्यक्ष शांतपणे ऐकून म्हणाले, “ताई, पैसे देवाच्याच घरात लागले ना? क्षमा करायला शिका.” मी म्हटलं, “माझ्या पदरचं काही गेलेलं नाही दादा, मी कशाची क्षमा करू? ज्यांचं गेलंय त्यांना विचारू या, त्या करतात का.” मग त्यांनी मंडळीची एकी, बाहेर होणारा बोभाटा, सैतानाला वाव, सगळं काढलं. शेवटी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत माझ्या मनातली कडवट भावना देवानं दूर करावी, अशी विनंती होती. माझ्या नावानं, माझ्यादेखत! आमेन म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

इथं लेखकमहाशयांच्या बाजूनं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. श्रद्धेची भाषा माणसाला गप्प करायलाही वापरतात, आणि फार सराईतपणे वापरतात. ‘धीर धर’, ‘सोसणाऱ्याला देव देतो’, ‘अधिकाऱ्यांच्या अधीन असा’ ही वाक्यं मी मार खाणाऱ्या सुनांना सांगितलेली ऐकली आहेत, पगार बुडालेल्या माणसांना सांगितलेली ऐकली आहेत. सांगणारा बहुधा असा असतो की ज्याला दुसऱ्याच्या सोसण्यानं फायदा होतो. असा धीर आणि मी म्हणते तो धीर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो ओळखायची माझी खूण अशी, की शास्त्र वाचताना वाचणारा कुठं थांबतो ते बघावं.

उदाहरण समोरच होतं. त्याच सुमारास एका रविवारी आमच्याकडे विधवेच्या दोन टोल्यांवर उपदेश झाला. मार्काच्या बाराव्या अध्यायात एक गरीब विधवा मंदिराच्या भांडारात दोन नाणी टाकते आणि येशू म्हणतो, हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. उपदेश दानाबद्दल होता, वर्गणीचं पाकीट फिरणार होतं. मी मांडीवरचं शास्त्र उघडून तीच जागा पाहत होते आणि नजर सहज वर गेली. त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या ओळींत येशू शास्त्र्यांबद्दल सावध करतो. त्यांना सभास्थानात पुढच्या जागा हव्या असतात, ते विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलांब प्रार्थना करतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना खेटून छापलेल्या आहेत. उपदेशकानं दुसरीपासून वाचायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या पायरीसाठी माणसं हवी होती. ज्यांना विचारलं त्यातले बहुतेक ‘तुमचं बरोबर आहे, पण’ म्हणाले. आपल्याकडे या ‘पण’वर फार माणसं मुक्कामाला असतात. शेवटी मी त्या निवृत्त बाईंकडेच गेले. पावती दाखवली. त्यांनी ती चष्मा पुसून पाहिली, परत दिली आणि विचारलं, “बैठक कधी आहे?”

बैठकीची सुरुवात अर्थातच प्रार्थनेनं झाली, बरीच लांब. माझी पाळी आली तेव्हा हातातला कागद इतका थरथरत होता की त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. मी तो टेबलावर ठेवला आणि टेबलाची कड धरून बोलले. आकडे वाचले, पावत्यांचे क्रमांक वाचले. कोणी काही बोलेना. मग बाई काठी टेकून उठल्या. शेजारच्या सभासदाच्या खिशातलं पेन त्यांनी मागून घेतलं, माझ्या कागदाच्या मागच्या बाजूला सही केली, खाली दिनांक घातला आणि कागद अध्यक्षांच्या पुढ्यात सरकवला. “ही माझी सही. आता माझा अंगठा दाखवा.”

कोणी म्हणेल, भट्टीतला चौथा तो हाच. मी इतकं पुढं जाणार नाही, आणि त्या बाई तर असलं काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. पण एकट्या माणसाचा धीर फार टिकत नाही, हे मला पटलं आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा. येशूला धरून नेल्यावर कोळशाच्या शेकोटीजवळ, परक्यांच्या घोळक्यात एका दासीनं विचारलं तर तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. तोच पेत्र पुढं ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अधिकाऱ्यांसमोर उभा राहून बोलतो, तेव्हा योहान हा दुसरा शिष्य त्याच्या शेजारी असतो. सुटून दोघे आपल्या लोकांकडे येतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. ती प्रार्थना वाचण्यासारखी आहे. धमक्या बंद कर असं ते मागत नाहीत. देवा, त्यांच्या धमक्यांकडे पाहा आणि आम्हाला धिटाईनं बोलू दे, एवढंच मागतात. त्यानंतर दोन अध्यायांनी पहिल्या मंडळीत कुरबूर सुरू होते. ती कशावरून? रोजच्या वाटपात काही विधवांना वगळलं जात होतं यावरून. प्रेषितांनी ते झाकलं नाही, सगळ्यांना बोलावून त्या कामावर सात माणसं नेमली. एकीला तडा जाईल म्हणून गप्प बसा, असं तिथं कोणी म्हटल्याची नोंद नाही.

माझी गोष्ट लहान आहे, हे मला कळतं. कोणाचा जीव जाणार नव्हता. ज्यांचा गेला त्यांच्याकडे पाहिलं तरी विम्याचा हिशेब जुळत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आपल्या वाचकांना माहीत आहे. अमेरिकेतल्या माँटगोमरी शहरात वर्णभेदाविरुद्ध बसगाड्यांवर बहिष्कार चालू होता. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांना फोनवरून धमकी आली. वय सत्तावीस, घरात बायको आणि काही महिन्यांची मुलगी. ते स्वयंपाकघरात एकटेच बसले होते आणि माघार कशी घ्यावी, म्हणजे भेकड दिसणार नाही, याचा विचार करत होते, असं त्यांनीच पुढं लिहून ठेवलं. तिथं त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली. मी कमकुवत आहे, माझं धैर्य संपत चाललंय, असं देवाला सांगून टाकलं. न्यायासाठी उभा राहा, मी तुझ्याबरोबर आहे, असं आतून ऐकू आल्याची त्यांची साक्ष आहे. मग काय, संकट टळलं? तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बाँब पडला. बायको-मुलगी वाचली. बारा वर्षांनी, ४ एप्रिल १९६८ ला, मेम्फिसमध्ये त्यांना गोळी घालण्यात आली. सोबतीचा शब्द त्यांना मिळाला होता, सुरक्षिततेचा नव्हता, आणि हा फरक त्यांना कळत होता.

फ्रान्झ येगरश्टेटर हे नाव कमी लोकांना ठाऊक असेल. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातला शेतकरी, गावच्या चर्चची देखभालही करायचा. हिटलरच्या सैन्यात लढायला त्यानं नकार दिला. पदरी लहान मुली होत्या. त्याच्या ओळखीचे धर्मगुरू आणि खुद्द बिशप यांनी त्याला समजावलं, की कुटुंबाचा विचार कर, निर्णय सरकारचा आहे, जबाबदारी तुझी नाही. त्यानं ऐकलं नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. गावात नंतर कित्येक वर्षं त्याच्या बायकोला बोल लावणारे होते. २००७ मध्ये कॅथलिक चर्चनं त्याला धन्य घोषित केलं, तेव्हा ती बायको, नव्वदी ओलांडलेली, तिथं हजर होती. मी या माणसाबद्दल वाचते तेव्हा मला त्याच्या मरणापेक्षा बिशपच्या खोलीतून बाहेर पडतानाचा तो जास्त दिसतो. ज्यांनी पाठीवर हात ठेवायचा त्यांनीच ‘सोडून दे’ म्हटल्यावर त्यानं काय धरून ठेवलं असेल?

आणि आपल्या पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण उपासमारीच्या वर्षांत गमावलेल्या, नंतर वैधव्य आलेलं, आणि १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्या समाजात बोलणी खाल्लेल्या. लोकांना एवढंच माहीत असतं. ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या इंग्लंडात होत्या त्यांच्याशीही पत्रांतून त्यांनी चांगला वाद घातला, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा वरिष्ठाच्या हाती देणार नाही म्हणून. १८९७ मध्ये प्लेगच्या काळात पुण्यातल्या छावणीत स्त्रियांचे हाल होत होते, तेव्हा ख्रिस्ती सरकार म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि ते प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. संपादकांना पत्र लिहिणाऱ्या बाईला यापेक्षा चांगली पूर्वज कुठं मिळणार?

माझ्या प्रकरणाचं पुढं काय झालं ते सांगून टाकते. त्या बैठकीत काहीच ठरलं नाही. नंतर मला दप्तर परत करण्याचं पत्र आलं. मी एकेका फाइलीची, एकेका पावतीपुस्तकाची यादी केली, प्रत्येक पानावर पोच घेतली आणि मगच कागद हातावेगळे केले. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे सगळ्या मंडळीच्या सभेत, विषय निघालाच, कारण तोवर बाईंनी तो घरोघरी पोचवला होता. स्वतंत्र लेखापरीक्षक नेमावा लागला. तो गृहस्थ देवबिव मानत नाही, त्यानं ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्याच्याइतकं सरळ आणि न घाबरता काम करणारा माणूस मी क्वचित पाहिला आहे. धैर्य ही ख्रिस्ती लोकांची मिरास आहे असं मी म्हणत नाही. ते त्याला कुठून मिळतं हे मला माहीत नाही. मला कुठून मिळालं एवढंच सांगते आहे.

निधीची रक्कम हप्त्याहप्त्यानं परत भरली जाते आहे. यादीतल्या काही जणी त्याआधीच वारल्या. त्यांच्या नावापुढं आता काय लिहायचं ते कोणालाच कळत नाही. अध्यक्षपद गेलं, पण त्या गृहस्थांनी चूक कधी मानली नाही. ते अजून उपासनेला येतात आणि पुढच्याच रांगेत बसतात. शांतिवंदनाच्या वेळी मी त्यांच्याशी हात मिळवते. ते माझ्याकडे बघत नाहीत. काही घरांचे दरवाजे मला कायमचे बंद झाले, त्यातलं एक माझ्या जिवलग मैत्रिणीचं. हे दुखतं. ‘सत्याचा विजय झाला’ असं कोणी म्हणू लागलं की मी विषय बदलते.

आता लेखकमहाशयांना एक सुचवावंसं वाटतं. श्रद्धा ही कुबडी आहे की विमा आहे यावर पुढं लिहायचं झालं तर ज्यांचा प्याला टळला नाही, म्हणजे ज्यांना मागितलं ते मिळालं नाही आणि तरीही जे जागचे हलले नाहीत, अशा दोनचार माणसांशी बोलून लिहावं. ती सगळ्या धर्मांत सापडतील. फक्त ती व्यासपीठावर नसतात, थोडं शोधावं लागेल.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. नाव आलं की मंडळी ओळखू येईल, आणि मंडळी ओळखू आली की पावत्यांवर ज्यांची नावं होती त्या स्त्रियाही ओळखू येतील. आपण निधीची मदत घेतो हे शेजारीपाजारी कळावं, अशी त्यांच्यातल्या एकीचीही इच्छा नाही. आपल्या खात्रीसाठी नाव, पत्ता आणि दूरध्वनी वेगळ्या कागदावर जोडला आहे. लेखकमहाशयांना माझ्याशी वाद घालायचा असेल तर तो त्यांना द्यायला माझी हरकत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस